गल्ली मोजा

"हत्तीण चढवा रे काट्यावर!"

आमच्या खात्याचा मास्तर असं म्हनला अन् गिरनीच्या वखारीतलं हमाल खदाखदा हसलं.

गिरनीची दुपारची सुट्टी व्हती. रुईच्या गासड्या तोलायचा मोठा काटा. जाड साखळ्या, खाली फळी. त्या फळीवर मला उभी केली. माज्या आदी एक गासडी उतरवली व्हती, तिची रुई अजून फळीला चिकटून व्हती. समोरच्या पारड्यात हमाल लोखंडी वजनं टाकत व्हता. एक टाकलं. दुसरं टाकलं. फळी हलंना.

"आणखी टाक, आणखी टाक," मास्तर म्हनला. "आज गिरणीतली वजनं संपणार!"

पुन्ना हसलं. माजी मान खाली. पदराचा बोळा तोंडात. जमीन फाटावी अन् आत जावं असं झालं मला. अकरा वर्सं मी त्या गिरनीत राबले व्हते. अकरा वर्सांत एक दिस भोंग्याला चुकले न्हवते. अन् ते मला गासडीच्या फळीवर उभी करून हसत व्हते.

एकशे एक्याऐंशी रत्तल. मास्तरनं वहीत लिवलं अन् साऱ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

आमचं खातं सूत गुंडाळायचं. लांबच लांब यंत्रं, त्येच्यावर बॉबिनींची रांग. दोन यंत्रांच्या मदी गल्ली. त्या गल्लीत बाईनं भोंग्यापासून भोंग्यापत्तोर येरझाऱ्या घालायच्या. कुटं धागा तुटला की धावायचं, जोडायचा, फुडं जायचं. बसायचं काम न्हाय. मी जाडी, पन माजा हात चलाख. धागा तुटल्याला दुसरीला दिसायच्या आदी मी जोडल्याला असायचा. फुकाची बढाई न्हाय ही, खात्यातल्या कुनालाबी इचारा.

दिवाळीला गिरनी बंद व्हती. उगडली तवा आमच्या खात्यात दोन नवी यंत्रं आल्याली. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. चकचकीत. आमी बायांनीच त्येला हळदकुकू लावलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं. नव्या यंत्राची पूजा करायची आमची रीतच हाय.

खोबरं खाऊन गल्लीत शिरले अन् माजं अंग यंत्राला घासलं. धागं तुटलं. परत वळले, दुसऱ्या अंगानं घासलं. असं कदी झालं न्हवतं. मास्तर बगत उबा व्हता.

"काय गं, फराळ हाणलास ना चार दिवस? फुगलीस!"

अन् मला ते खरंच वाटलं की! दिवाळीच झाली व्हती ना. दोन करंज्या अन् मूठभर चिवडा, एवडाच माजा फराळ. पन मला वाटलं, त्येच अंगावर आलं. आपल्याला कुनी जाडी म्हनलं की आपन आदी आपल्याच ताटात बगतो.

आमी तिगी व्हतो घासनाऱ्या. मी, नरसव्वा अन् खातूनबी. नरसव्वा हातमागवाल्या पद्मसाळ्याची, चार लेकरांची आई, मला अक्का म्हनायची. खातूनबी माज्याच वयाची, जिभेची तिखट. मास्तरनं त्याच दुपारी तिगींना काट्यावर चढवलं अन् सांगितलं, "दर शनिवारी काटा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेपर्यंत दीडशे रत्तलांच्या खाली या. नाही आलात तर गेटाबाहेर. गिरणीला जाड बायका परवडत नाहीत."

घरचं मालक पटकीत गेलं तवापासनं घरात मी अन् म्हातारी सासू. चूल माज्या एकटीच्या कामावर पेटती. गेटाबाहेर म्हंजी कुटं? वळसंगला माहेर, पन तितं मेंढरं राखनारं भाऊ, त्येंचंच त्येंना पुरं पडंना. म्हनून मी मुकाट कंबर कसली.

सकाळची भाकरी सोडली. रातची अर्धी केली. सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी व्हतीच. कुनी म्हनलं हुलगं चरबी झाडतं, म्हनून हुलग्याचं माडगं पिले, पोटात आग पडंस्तोर. पहाटं उटून सिद्धेश्वराच्या तळ्याला येडा घालायची, मग गिरनीत दिसभर येरझाऱ्या. शनवारी काट्यावर चढायच्या आदी घोटभर पानी बी न्हाय. हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून सासूकडं द्यायची. इरकली लुगडं जड म्हनून फाटकं, इरल्यालं नेसायची. येवडं करून पैल्या शनवारी काय? एकशे ऐंशी. दुसऱ्या शनवारी एकशे साडेएकोन्ऐंशी. तिसऱ्या शनवारी परत एकशे ऐंशी!

"चोरून खातेस," मास्तर म्हनला.

"न्हाय वो मास्तर, आईशप्पत न्हाय."

"मग हवेनं फुगतेस का?"

हमाल हसलं. आता त्येंना सवयच लागली व्हती, शनवारी माज्या पाळीला भाकरी घिऊनच बसायचं.

अन् त्या दोगी? नरसव्वा दर शनवारी तीन तीन रत्तलं उतरत व्हती. खातूनबीचं रोजं सुरू झालं अन् ती बी भराभर उतरली. मी तिला इचारलं, काय करतीस गं? ती म्हनली, "मैं कुछ बी नै करी गे. रोजे हैं, बस."

खोटं कशाला बोलू, मला दोगींचा राग आला. असा राग की त्येंच्या ताटात माती कालवावी. नरसव्वा काट्यावरनं हसत उतरायची अन् मी तोंड फिरवायची. ती माजी मैतरीन, तिच्या बाळतपनाला मी रातभर बसल्याली, अन् मी मनात म्हनायची, हिचं एकदा तरी वजान वाडू दे रे सिद्धेश्वरा. उपाशी मानसाचं मन लई वंगाळ व्हतं. मला सोताचीच किळस यायची अन् तरी म्हनायची.

सासू एकदा माजं ताट बगून म्हनली, "आगं, मेंढरू बाजारात न्ह्यायचं तर चारून न्हेत्यात. तुला उपाशी ठिवून कुटं न्हेत्यात हे?"

मी तिच्यावरच खेकसले. म्हनलं, तुमाला काय कळतंय गिरनीतलं!

पाचव्या शनवारी नरसव्वा एकशे एकोन्पन्नास. मास्तरनं साऱ्या खात्यासमोर तिला उबं केलं. "बघा! मनात असलं की होतं. शिका हिच्याकडून." मग माज्याकडं बोट. "आणि ही बघा. एकशे सत्त्याहत्तर. हिच्या अंगातच आळस आहे."

सुट्टीत मी नरसव्वाला कोपऱ्यात धरलं. म्हनलं, खरं सांग, काय खातीस?

"काय न्हाय, अक्का," ती म्हनली. "पोरांना घालते. मी पानी पिते."

तिचं डोळं खोल गेलं व्हतं. व्हट पांढरं. पन मी काय केलं? मी घरी जाऊन उरल्याली अर्धी भाकरी बी सोडली. तिला जमतंय तर मला का न्हाय!

मंगळवारी, ऐन कामाच्या भरात, नरसव्वा पडली. मधल्या गल्लीत. काय आवाज न्हाय, काय न्हाय, मुटकुळं होऊन खाली. कपाळ यंत्राच्या पायाला आपटलं, रगत आलं. मी दुसऱ्या टोकाला व्हते. वरडले, पळाले. त्या टोकानं मास्तर आला पळत.

आता हा मास्तर कसा? काडी. गळ्याचं हाड दिसायचं कोटातनं. तो गल्लीत शिरला अन् त्येचा कोट यंत्रात अडकला. फाटला. मग तो तिरका झाला, अंग चोरून, एक एक पाऊल टाकत यायला लागला. मास्तर! तिरका!

मी बगतच ऱ्हायले.

मग भानावर आले, नरसव्वाचं डोस्कं मांडीवर घेतलं. पदरानं रगत पुसलं. खातूनबीनं पानी आनलं, रोज्याच्या तोंडानं फुंकर घालत बसली. मी फरशीवर बसल्याली, म्हनून माजी नदर यंत्राच्या पोटाखाली गेली. अकरा वर्सं मी त्या गल्लीत उबीच ऱ्हायले व्हते, बसले कुटं व्हते?

यंत्राच्या पायाच्या मागं फरशीत भोकं. तेलानं काळी, रुईनं बुजल्याली. बोल्टाची भोकं. यंत्र आदी तितं उबं व्हतं. मी हात घालून पाय ते भोक मोजलं. वीतभर. पलीकडच्या यंत्राखाली बगितलं. तितं बी भोकं, तितं बी वीतभर.

दोन्ही अंगानं वीत वीत. हातभर गल्ली खाल्ल्याली.

दोन नवी यंत्रं आली ती काय आभाळात बसवली व्हती? जुनी सरकवूनच जागा केली ना! आमच्या डोळ्याम्होरं व्हतं समदं. आमी त्येला नारळ फोडला. अन् मग दीड म्हयना उपाशी मेलो, की आमचं अंग वाडलं म्हनून!

त्या रातीला मी घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. पिटलं, कांदा, ठेचा. खाताना रडले. सासूची माफी मागितली. अन् एक गोस्ट मला त्या घासासंगं कळली. माजं अंग आळशी न्हवतं. मी त्येला मारत व्हते अन् ते मरत न्हवतं. नरसव्वाचं अंग बिचारं ऐकलं, माजं ऐकंना. कुनासाटी झिजायचं ते त्येला माज्या आदी कळलं व्हतं.

शनवार आला. इरकली लुगडं नेसले. पाटल्या हातातच ठिवल्या. न्याहारी करून गेले. वखारीत हमाल भाकरीची गाठुडी सोडून बसलं व्हतं. खातूनबी फळीवर चढल्याली.

मास्तर म्हनला, "चल गं, पुढचा नंबर तुझा."

"मी चढनार न्हाय."

"काय?"

"गल्ली मोजा आदी. मग मला मोजा."

हमालांचं खानं थांबलं. आमच्या खात्यातल्या बाया दारात गोळा झाल्या. मास्तर हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"नाचता येतंय मास्तर. अकरा वर्सं नाचले की हितं! आंगनच वाकडं केलंय तुमी. यंत्रं वीत वीत सरकवल्यात. भोकं हायत खाली. चला, दावते."

त्येचा चेहरा बगण्यासारखा झाला. मला वाटलं व्हतं तो म्हनंल, खोटं बोलतीस. तो तसं म्हनलाच न्हाय. म्हनला, "यंत्रं कुठं बसवायची ते आता तू साहेबांना सांगणार का?"

म्हंजी त्येला ठावं व्हतं. पैल्या दिवसापासनं ठावं व्हतं. ठावं असून त्येनं मला हत्तीण म्हनलं, चोरून खाती म्हनलं, एका लेकुरवाळीवर पानी पिऊन मरायची पाळी आनली. माज्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमचा बी कोट फाटला मंगळवारी," मी म्हनलं. "तुमी किती रत्तल भरता? चढा की! साऱ्यांना ऐकू द्या."

कुनीतरी हमाल फस्सकन हसला. ह्या खेपंला माज्यावर न्हवं.

"चढतेस का बाहेर जातेस?"

"बाहेर जाते. काट्यावर चढनार न्हाय. आज न्हाय, कदीच न्हाय."

खातूनबी फळीवरनं खाली उतरली. तिचं वजान दीडशेच्या आत आल्यालं, तिला भ्याचं कारन न्हवतं. पन उतरली. "मेरे कू बी नक्को तुम्हारा काटा," म्हनली अन् माज्या संगं चालाय लागली. दारातल्या बाया बाजूला झाल्या. त्यातली एकबी आमच्या मागं आली न्हाय. हे बी सांगायलाच पायजे.

वरीस झालं त्येला. आमी दोगी हातमागवाल्यांकडं सुताच्या कांड्या भरतो. नरसव्वाला परत घेतलंच न्हाय. तिच्या जागी बारीक पोरगी लावली. वजान उतरवून बी बाईची जागा गेली! अजून ती उटून बसली की तिला आंधारी येती. यंत्रं काय मागं सरकवली न्हाईत.

दिवाळी झाल्यापासनं गिरनीतल्या बाया माज्या दारात येत्यात. म्हनत्यात, "मावशी, तुमी लई उपाय केलं, बारीक व्हायचं औषध सांगा की." मी पयलं भाकरी वाडते. मग सांगते, फरशीवर बस अन् यंत्राखाली हात घाल. ज्या हात घालून आल्या त्या माज्याकडं परत आल्या. गप न्हाय, संतापून आल्या. आज अठरा जनी हायत. त्यातल्या बारा जनी काडीसारख्या. त्येंचं बी अंग घासाय लागलंय आता, कारन ह्या दिवाळीत आनखी एक यंत्र आत आलंय.

परवा आमी एकवीस जनी गेटापुडं बसनार. नरसव्वाला धरून नेनार, ती बसून ऱ्हाईल. काट्यावर कुनी चढनार न्हाय अन् यंत्रं जुन्या भोकांवर गेल्याबिगर कुनी आत जानार न्हाय. मास्तर म्हनंल, चार दिसात भुकंनं उटतील. म्हनू दे. उपाशी कसं ऱ्हायचं ते त्येनंच शिकवलंय आमाला. अन् किती दिस लागायचं ते लागू देत. बाकीच्या दमल्या तर दमू देत, माजं अंग हळू झिजतं, मला लवकर सरता येत न्हाय.