एक थेंबही गळला नाही

वाळूजच्या कारखान्यात खंडेरावांचं काम एवढंच, पाण्याच्या टाक्यांवर टकटक करायचं. नव्या पोरांना हे काम फुकटचं वाटतं. पण टाक्यांची रांग लागली की खंडेराव बोटाच्या पेराने एकेकीला वाजवत जातात आणि कुठं प्लास्टिक पातळ बसलंय, कुठं आत फुगा राहिलाय, ते नुसत्या आवाजावरून सांगतात. मग टाकी काठोकाठ भरायची, बाहेरून तळाला खडू फासायचा आणि चोवीस तास तशीच ठेवायची. खडू ओला झाला की टाकी बाद. सव्वीस वर्षांत त्यांनी पास केलेली एकही टाकी गळाल्याची तक्रार आलेली नाही.

टाकी वाजवून झाल्यावरही खंडेराव तिला कान लावून जरा जास्तच वेळ उभे राहतात. पोरं म्हणतात, मामा टाकीशी बोलतात. बोलत नाहीत, ऐकतात. टाकीचा आवाज विरला की त्याच्यामागून दुसरा येतो, माणसाचा.

"खंड्या, भक्कम हाय ना रं?"

चौतीस वर्षं झाली. त्या आवाजाचं वय काही वाढलं नाही. तो अजून सव्वीस वर्षांच्या मल्हाररावांचाच आहे. ऐकणारे त्यांचे धाकटे भाऊ मात्र बावन्नचे झाले, गारखेड्यातल्या घराचा जिना गुडघ्यावर हात ठेवून चढतात. त्यांना या आवाजाची भीती वाटते. कोणी विचारलं तर साफ नाही म्हणतील, पण वाटते.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याने टाक्यांच्या जोडीला एक नवं खूळ काढलं. मालकांचा मुलगा विश्वजित बाहेर कुठंतरी शिकायला होता, तिथून वल्हवण्याची आवड घेऊन आला. ज्या भट्टीत टाकी फिरवून घडवतात त्याच भट्टीत कयाक का होऊ नये, असं त्याला वाटलं, आणि झालीही. दहा फूट लांब, केशरी रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती, मधे माणसाने पाय आत घालून बसायचं भोक. विश्वजितने सगळ्यांना बोलावून समजावलं, की ही शर्यतीची नाही. हौशी माणसाने रोज सकाळी उठून तळ्यात फेरी मारावी, इतकी साधी आहे.

"मामा, पास करायचं तुमच्याकडं," तो म्हणाला.

खंडेरावांनी तिला दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि वाजवली. नाकाशी जाड, पोटाशी थोडी पातळ, पण चालण्यासारखी. मग त्यांनी तेच केलं जे ते सव्वीस वर्षं करत आले होते. नळी लावून तिला भोकापर्यंत भरली, खाली खडू फासला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी खडू कोरडा ठणठणीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाक्या करणाऱ्या माणसांना यापलीकडं काय सुचणार? पाणी आतून बाहेर आलं नाही म्हणजे माल चांगला, हा तिथला धर्म.

विश्वजितला मात्र आणखी एक कागद हवा होता. "रोजच्या वापराला योग्य" असं त्यावर तपासणाऱ्याने सही करून द्यायचं होतं. पाण्याकाठच्या एका रिसॉर्टने पाच नावा मागवल्या होत्या आणि त्यांना तो कागद बघायचा होता.

"रोज पाण्यात जाणारं कुणी आहे का ओळखीत?" त्याने विचारलं.

"हाय की," खंडेराव बोलून गेले. "आमची सूनच जाती."

सून म्हणजे अक्षदा, मल्हाररावांच्या मुलाची बायको. गंगापूरच्या पुढं, धरणाचं पाणी जिथं आडवंतिडवं पसरलंय तिथं त्यांचं गाव. अक्षदा गावची आशाताई. पलीकडच्या शेतवस्तीवर बाळंतिणी, लहान लेकरं. रस्त्यानं जायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा, पाण्यातून जायचं तर हाकेचं अंतर. ती थर्माकोलचा जाड ठोकळा पोत्यात शिवून घेऊन त्यावर बसून जायची, औषधांची पेटी मांडीवर. घरच्या कुणाला ते बघवत नसे आणि कुणाकडं दुसरा उपायही नव्हता.

"मग हीच घेऊन जा," विश्वजित म्हणाला. "पंधरा दिवस वापरू द्या. योग्य वाटली तर तिलाच ठेवा."

खंडेरावांना इतका आनंद झाला, की टेम्पोत कयाकला बांधताना ते चक्क गुणगुणत होते.

गावात टेम्पो थांबला तेव्हा सारजाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सारजाबाई म्हणजे मल्हाररावांच्या पत्नी, खंडेरावांच्या वहिनी. बाविसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई दिराशी कधी वाकडं बोलली नाही, पण डोळ्याला डोळा देऊनही बोलली नाही. त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं खंडेरावांना वाटत आलं होतं.

अक्षदा कयाकभोवती फेऱ्या मारत होती. सारजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तपासली का भावजी?"

"व्हय वैनी. चोवीस तास पाणी भरून ठिवलं हुतं. एक थेंब गळला नाय."

शब्द तोंडातून गेल्यावर ते खंडेरावांना ऐकू आले. हेच वाक्य त्यांनी आधी एकदा म्हटलं होतं.

तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पाणी वाढून त्यांची मेंढरं पलीकडच्या उंचवट्यावर अडकली होती. नाव कुणाकडं नव्हती. गुऱ्हाळावरची गूळ कढवायची जुनी काहील होती, लोखंडाची, चार माणसं बसतील एवढी. तिच्या तळाला भोक होतं. खंडेरावांनी ते डांबर लावून बुजवलं आणि काहील काठावर ठेवून रात्रभर पाण्याने भरून ठेवली. सकाळी तळ कोरडा होता. मल्हाररावांनी विचारलं, "खंड्या, भक्कम हाय ना रं?" आणि यांनी छाती फुगवून सांगितलं, एक थेंब गळला नाय.

खोटं नव्हतं ते. तळातून शेवटपर्यंत थेंब आला नाही. पाणी वरून आलं. दोघं भाऊ निम्म्या वाटेवर असताना वारा सुटला, एक लाट काठावरून आत पडली, मग दुसरी, आणि काहील जशी भरली तशी सरळ खाली गेली. खंडेराव पोहत काठाला लागले. मल्हारराव तिसऱ्या दिवशी सापडले. तळाला डांबर कुणी लावलं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या रात्री तपासणी कशी झाली हे मात्र खंडेरावांनी कुणालाही सांगितलं नाही.

"अक्षदा," ते म्हणाले, "हिला हात लावायचा नाय. उद्या आधी मी बसतो."

सकाळी पाणी आरशासारखं होतं. खंडेराव काठावरच्या चिखलातून कयाकमध्ये उतरले; उतरताना ती एकदा डुचमळली, बसल्यावर स्थिर झाली. खोटं कशाला बोला, नाव गुणी होती. बैठक खोल, पाठीला आधार, तळव्यांना टेकू. चार वेळा वल्हं मारलं की तोंड उजवीकडं फिरवायची, पण ती खोड वल्ह्यानेच मोडता येत होती. वल्ह्यावरून पाणी ओघळून मांडी भिजत होती. औषधांच्या पेटीला प्लास्टिकची पिशवी लागेल, हे त्यांनी मनात टिपलं. वजनही असं, की अक्षदा एकटी काठापर्यंत ओढत नेईल. थर्माकोलवर पाय पाण्यात सोडून बसणाऱ्या पोरीला हा राजवाडाच होता. कागदावर सही करायला काही हरकत नव्हती.

तेवढ्यात केशरी तळाला खालून टकटक झालं.

एकदा. मग दोनदा. बाभळीचं बुडालेलं खोड असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खोड पेराने वाजवत नाही. खंडेरावांनी सव्वीस वर्षं तो आवाज स्वतः काढला होता. तो त्यांना ओळखू कसा येणार नाही?

ते काठाकडं वळले. कयाकला लांब दोर बांधला, त्याचं टोक अक्षदाच्या हातात दिलं, स्वतःच्या कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब अडकवली.

"काय करायलात मामंजी?"

"पालथी करतो."

"मुद्दाम?"

"व्हय. वरनं भरली तर काय हुतं बघायचंय. मी वरडलो तरच वढ."

डोक्यावरून हातभर पाणी जाईल इतक्या अंतरावर जाऊन त्यांनी अंग एका बाजूला टाकलं. नाव पटकन उलटली. त्यांचे पाय भोकातून निसटले, ते वर आले, नाव सरळ केली, तर ती काठोकाठ भरलेली. चढायला हात टाकला की ती त्या अंगावर लोळे आणि आणखी पाणी घेई. तीनदा झालं. चौथ्यांदा तिचं नाक खाली गेलं आणि शेपूट वर आलं. जितकं पाणी कारखान्यात तिने गुणीपणे धरून ठेवलं होतं, तितकंच इथंही धरून ठेवत होती. सोडायला तयार नव्हती.

आणि मग त्यांच्या घोट्याला हात लागला.

ओढत नव्हता. नुसता धरून होता, गर्दीत लहान भावाचा हात धरावा तसा. पाणी थंडगार आणि तो हात मात्र कोमट. खंडेराव ओरडले नाहीत. भीतीने त्यांचे दात वाजत होते, पण त्याहून जास्त रडू येत होतं.

"नाय दादा," ते पाण्यातच म्हणाले. "भक्कम नाय. चुकलं माझं."

हात सुटला की नाही, ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. अक्षदाने न सांगताच दोर ओढला होता.

काठावर धापा टाकत त्यांनी निकाल सांगितला, की ही नाव चालणार नाही. अक्षदा भडकली. "मग थर्माकोलवरच जाऊ का? परवा डोस द्यायचेत तिकडं. त्याच्यावरनं मी दोनदा पडले. पडले तर पडले, ते तरंगतं तरी!"

खंडेराव तिच्याकडं बघतच राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी पाणी कुठून गळतं एवढंच पाहिलं होतं. भरल्यावर काय तरंगतं, हे या पोरीनं एका दमात सांगितलं.

त्यांनी आधी विश्वजितला फोन लावला. "साहेब, सही करत नाय. भरली की माणूस पुन्हा चढू शकत नाय. पाची थांबवा."

"मामा, तुम्हीच तर पास केली!"

"टाकी म्हणून पास केली. नाव म्हणून नाय." मग त्यांनी सांगितलं, की दोन्ही टोकांना आतून भिंत घालून हवा कोंडावी लागेल. थांबवतो, म्हणाला विश्वजित, पण आवाज नाराज होता. खंडेरावांना त्याचं काही वाटलं नाही.

मग त्यांनी करवतीचं पातं मागवलं आणि अक्षदाचा तो ठोकळाच कापायला घेतला. कापलेले तुकडे नावेच्या नाकात आणि शेपटीत गच्च ठासले, वरून पट्टे आवळले. अक्षदा डोस नेण्याच्या चिंतेत वस्तीवर फोन करायला घराकडं गेली. सारजाबाई काठावर येऊन बसल्या होत्या, कधी आल्या ते कळलं नाही.

आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही, हे खंडेरावांना उमगलं. पातं खाली ठेवून, पाण्याकडं बघतच त्यांनी सगळं सांगून टाकलं. काहील रात्रभर भरून ठेवली ते, सकाळचा कोरडा तळ, दादांचा प्रश्न, आपलं उत्तर. "मीच घालवलं वैनी त्यास्नी. तवाधरनं दादा रोज इचारत्यात मला."

सारजाबाईंनी पहिल्यांदा दिराच्या डोळ्यांत बघितलं.

"भावजी, ती काहील भरायला घागरी कुणी वतल्या हुत्या?"

खंडेरावांना आठवेना. डांबर आठवत होतं, तळ आठवत होता. पाणी आणणारं कुणीतरी अंधारात ये-जा करत होतं, इतकंच.

"मीच की वो. लेकरू निजवून आले आन् बावीस घागरी वतल्या. सकाळी तुमी मला म्हणलात, वैनी, बघा, एक थेंब नाय. मीच घरात जाऊन त्यास्नी सांगितलं, खुशाल जावा." त्यांनी पाण्याकडं बोट केलं. "तुमाला एकट्यालाच इचारत्यात व्हय? मी घागर बुडवली की आतनं इचारत्यात मला. चौतीस वर्सं झाली. मीच त्यास्नी धाडलं हे तुमाला समजंल म्हणून तुमच्याकडं बघत नव्हते मी."

दोघंही रडली. एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून, पदराने आणि बाहीने तोंड पुसत रडली.

काही वेळाने सारजाबाई उठल्या, घरातून दोन घागरी घेऊन आल्या आणि लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या.

"ढकला तिला आत," त्या म्हणाल्या. "आज काठावर नाय भरायची. पाण्यात ठिवून भरू."

खंडेरावांनी नाव कमरभर पाण्यात नेली. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं त्या, घागरीमागून घागर ओतत राहिले. मोजलं कुणीच नाही. नाव भरत गेली, खाली बसत गेली, पाणी भोकाच्या कडेला आलं आणि वरून वाहू लागलं. नाक आणि शेपूट मात्र पाण्याबाहेरच होतं. खंडेरावांनी कडेवर पोट टाकून अंग आत लोटलं. नाव हलली, कलली, पण त्यांना घेऊन तरंगत राहिली.

सारजाबाईंनी दोन्ही तळवे नाकावर ठेवून सगळं वजन घातलं. नाव दबली आणि हात काढताच वर आली. त्यांनी पुन्हा दाबलं. ती पुन्हा वर आली.

"आता सांगा त्यास्नी," त्या म्हणाल्या, आणि भरल्या नावेत बसलेल्या दिराकडं न बघता खोल पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या. "दोघं मिळून सांगू."