आकाराम परवानाधारक होतो

आकाराम जतकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णाकाठाला उतरायचं आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत, आपल्याला धान्य. त्यामुळे सांगली-साताऱ्यातली रानं त्याला पायाखालची. कुठली जमीन पाणी धरून चिबडते, कुठल्या बांधावरून भावकी एकमेकांचं तोंड बघत नाही, सगळं तोंडपाठ. मेंढरं विकल्यावर तो जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ झाला, तो याच जोरावर.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाला बांधावर उभं करायचं आणि आधी जमिनीची खोट सांगायची, गुण मागाहून. बाकीचे एजंट त्याला वेड्यात काढायचे. लोणंदच्या सुभेदार तानाजींना तर त्याने ठरलेल्या व्यवहारातून हाताला धरून बाहेर काढलं होतं. विकणाऱ्याच्या एका बहिणीची सही राहिली होती आणि ती पुढे कोर्टात गेलीच. तेव्हापासून जमिनीच्या बाबतीत आकारामशिवाय सुभेदारांचं पान हलत नसे.

मग कायदा आला. प्रकल्पातले प्लॉट विकायचे तर एजंटाला महारेराची, म्हणजे सरकारी नियामकाची नोंदणी हवी, नोंदणीला प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्राला वीस तासांचं प्रशिक्षण, वर कॉम्प्युटरवर परीक्षा. कायद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला टोपी घालणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यांना वेसण घालायला तो केला. ते सगळे पहिल्या झटक्यात पास झाले. आकाराम तेवढा नापास.

सातवी शिकलेला माणूस चोपन्नाव्या वर्षी माउस धरायला शिकला आणि दोनदा आपटला. मुलगी सृष्टी कॉलेजात होती. ती सरावाचे प्रश्न घेऊन बापासमोर बसली, तेव्हा कुठे उलगडा झाला. प्रश्न होता, प्रकल्पाची माहिती ग्राहकाला कशाच्या आधारे द्यावी? आकारामने बोट ठेवलं ते ‘स्थानिक लोकांकडे चौकशी करून’ या पर्यायावर. उत्तर होतं, ‘संकेतस्थळावरील नोंदीनुसार’.

“शेजारच्या बांधावाल्याला इचारल्याबिगर जमीन कळती व्हय?” तो म्हणाला.

“आबा, तुमाला काय ठावं हाय ते तितं कुणी इचारत न्हाई. पुस्तकात काय हाय, तेवढंच सांगायचं.”

पोरीचा हेतू चांगलाच होता. बापाने ते मनावर घेतलं आणि तिसऱ्या खेपेला पास झाला. बायकोने, मंगलने, प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलं. कालपर्यंत दलाल म्हणणारे लोक आता साहेब म्हणू लागले. आकारामला त्याचं फार अप्रूप वाटलं, आणि का वाटू नये?

पण नोंदणी झाली म्हणून काम दारात येत नाही. चार बिल्डरांनी त्याच्या धोतराकडे बघूनच वाटेला लावलं. पाचवा वीरधवल. सांगलीजवळ माधवनगरच्या पुढे त्याने प्लॉट पाडले होते. त्याने आकारामला घेतलं, माहितीपत्रकांचा गठ्ठा हातात दिला आणि जागा बघून यायला सांगितलं.

आकाराम जागा बघायला गेला. रान ओळखीचं होतं. ओढ्याकडच्या त्या पट्ट्यात त्याची मेंढरं कधी बसत नसत. दिवाळी होऊन गेली तरी खालची ओल वर यायची. तिथल्या बाभळीवर पुराच्या गाळाची रेघ माणसाच्या खांद्याला लागायची. आता बाभळ नव्हती. वर मुरूम पडला होता आणि चुन्याने प्लॉट आखले होते.

त्याने वीरधवलला सांगितलं. वीरधवल चिडला नाही, तेच वाईट झालं. तो शांतपणे म्हणाला, की नकाशा मंजूर आहे, नोंदणी झालेली आहे, कागदावर पूररेषा पलीकडे आहे. तुम्हाला जमत नसेल तर परवानाधारक एजंट पैशाला पासरी मिळतात. आकारामने माहितीपत्रकांचा गठ्ठा उचलला. परत दलाल व्हायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

महिन्याभरात सुभेदार तानाजी आले. लेक सांगलीत दिलेली, म्हातारपणी तिच्याजवळ राहायचं होतं. नेमका ओढ्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट त्यांच्या मनात भरला. प्लॉटवर उभं राहून ते नेहमीसारखे म्हणाले, “हं, आकाराम. खोट सांग.”

 खोट आकारामच्या जिभेवर होती. त्याने माहितीपत्रक उघडलं आणि प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकावर बोट ठेवलं.

“सुभेदार, समदं नोंदीत हाय. बघून घ्या.”

सुभेदारांनी कागदाकडे पाहिलंच नाही. आकारामच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, “म्हंजे खोट न्हाई म्हण की,” आणि खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली. हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही, असा आकाराम आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिला. संध्याकाळी बुकिंग झालं.

पंधरा दिवसांनी सुभेदारांच्या भावकीतले दोघे आले, हरिबा आणि नानासो. दोघेही सैन्यातून निवृत्त झालेले. सुभेदारांनी गावात सांगितलं होतं, की खोट असती तर आकाराम बोलल्याशिवाय राहिला नसता. त्यांना सुभेदारांच्या शेजारचेच प्लॉट हवे होते. जागा बघायलाही ते गेले नाहीत. ऑफिसात बसून चहा प्यायले.

दोघांपैकी एकाने तरी खोट विचारावी म्हणून आकाराम फॉर्म पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिला. कोणी काही विचारलं नाही. मग त्याने एजंटच्या रकान्यात आपला नोंदणी क्रमांक लिहिला.