सावलीत वाळणारी माती

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरातून विजेचं बिल भरायला निघालो होतो, चपला पायात होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. चाळीस वर्षांपासूनचा मित्र मधुकर गेल्याच्या बातमीला मी बरं म्हणालो... आणि आधी बिल भरून आलो, मग अकोल्याची एसटी धरली. त्याला आता सहा आठवडे झाले.

मधुकर आणि मी अकोल्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं एकत्र होतो. तो नमुने तयार करायचा, मी अहवाल लिहायचो. शेतकऱ्याची पिशवी आली की माती कागदावर पसरून सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं कुटायची, चाळायची. मग ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार. हवी तेवढी माती उरेपर्यंत हेच. मला नुसतं बघून थकवा यायचा. मधुकर मात्र दिवसातली चाळिसावी पिशवीही पहिलीच असल्यासारखी उघडायचा, वास घ्यायचा, ओंजळ खिडकीपाशी नेऊन रंग बघायचा. माझ्या बॅगेत कायम पुस्तक असे म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पण मी पुस्तकसुद्धा संपवण्यासाठीच वाचतो, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

संत वगैरे नव्हता तो. दूध आणायला गेला की तासाभरानं परतायचा, कधी दुधाशिवाय. बढतीचा अर्ज त्यानं मुदत उलटल्यावर दिला. वहिनी वैतागायच्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. रमणारी माणसं घरच्यांना दमवतात.

एका मे महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली. साहेबांनी अट घातली, पडून असलेले नमुने संपवा आणि मोकळे व्हा. मी दिवस मोजत होतो. एका सकाळी मधुकर यायच्या आत मी बार्शीटाकळीकडच्या एका गावच्या सात पिशव्या गच्चीवर, भर उन्हात पसरल्या. तासाभरात माती खडखडीत वाळली. उन्हात वाळवलेल्या मातीचे आकडे खरे येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. कुणाला कळणार होतं...

मातीला हात लावताच मधुकरला कळलं. तो ओरडला नाही, साहेबांकडेही गेला नाही. फक्त म्हणाला, "मास्तर, तू लिवशीन त्या कागदावरून तो मानूस वर्षाचं खत टाकनार हाये." सातही पिशव्या त्यानं बाजूला ठेवल्या आणि रविवारी मला घेऊन त्या गावाला निघाला. तिथं शेतकऱ्यांना सांगितलं, आमच्या हातून नमुने खराब झाले, पुन्हा घ्यावे लागतील. "आमच्या" म्हणाला. एक म्हातारे काका म्हणाले, सरकारी माणूस चूक कबूल करायला घरी येतो हे पहिल्यांदाच बघतोय, बसा, ताक घ्या. मधुकर बसला. दुसऱ्यांदाही ताक घेतलं. मी बांधावर उभा राहून परतीच्या गाडीचा हिशोब करत होतो.

दुपारी शेवटच्या शेतात खड्डा खणून झाल्यावर त्यानं बाटलीतलं पाणी ढेकळावर ओतलं, माती मळली, तिची वळी करून अंगठीसारखी वळवली. भेग न पडता ती गोल झाली. ती त्यानं माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "पाय." मी विचारलं, काय पाहू? "काई नाई. पाय फक्त." मी पाहिलं. माती दिसली. थंड लागली, एवढं आठवतं. मग गाडीची वेळ झाली.

अमरावतीला आलो, मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण, निवृत्ती... एकेक संपवत गेलो. निवृत्तीनंतर अकोल्यात निवांत राहायला येईन, असं मी मधुकरला दरवर्षी सांगत असे. तसा गेलो नाही. गेलो ते मधुकर आजारानं खाटेवर असताना, आणि पाऊण तास बसलो. तो गल्लीत कुणाच्या घरी फोडणी पडली ते वासावरून ओळखून दाखवत होता. माझी नजर दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिसऱ्यांदा जायच्या आत तो हसून म्हणाला, "मास्तर, तू अजून आलाच नाई बे." मीही हसलो, आणि उठलो. आठ दिवसांनी वहिनींचा फोन.

परवा काही काम नसताना अकोल्याला गेलो. वहिनी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गाडी कितीची, त्यांनी विचारलं. तोंडातून सवयीनं गेलं, चारची. त्यांनी मान हलवली आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मला नीट सोलता येत नव्हत्या, दाणे उडत होते. मनात बिल, औषधं, उद्याचं काहीबाही चालूच होतं. एखादी शेंग हातात असेपर्यंत थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मधुकरला जमत असे ते मला या वयात जमेल असं वाटत नाही. बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चारची गेली असंन आता."

मी म्हणालो, जाऊ द्या. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, भाकरी दोन टाकू का तीन.