काकीचा चिखल

मोरिवलीच्या आमच्या काकीला सगळ्या जगाची किळस होती. रिक्षाचा दांडा धरला की साबण. दाराची कडी लावली की साबण. एखाद्या पाहुणीने प्रेमाने हात हातात घेतला, तर तिची पाठ वळेपर्यंत काकी मोरीवर. आणि हीच बाई ओहोटीला खाडीत उतरली की खांद्यापर्यंत हात चिखलात खुपसायची, वर येऊन नुसत्या पाण्याने तो विसळायची आणि त्याच हाताने भाकरी मोडायची. आम्ही पोरी नाकं मुरडायचो. "चिखल घान नसतं गो," ती म्हणायची, "घान मानूस करतं."

तिचं माहेर कल्याणच्या खाली, खाडीकाठी. लग्न करून ती कारखान्यांच्या शेजारी आली, पण मोठ्या ओहोटीला पाटी घेऊन माहेरी जायचं तिने कधी सोडलं नाही. शिवल्या, म्हणजे आपल्या शिंपल्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, जमलं तर निवट्या, ते चिखलात उड्या मारणारे मासे, असं काहीबाही घेऊन यायची. नियम एकच. चिखलात दडलेलं तेवढं घ्यायचं, वर पडलेल्याला हात लावायचा नाही. "जित्ता जीव लपतं. वर येऊन पडलाय त्याचा कायतरी बिगडलाय."

घरी खाऊन उरलेलं ती उल्हासनगरच्या बाजारात विकायला बसे. तिथली एक सिंधी गिऱ्हाईक बाई दर वेळी कुरकुरायची, "माई, कितनी मिट्टी है, धो के दो ना." काकी ढिम्म. "मिट्टी है तो जिंदा है. धोया हुआ मंगता तो मुर्दा लेके जाव." बाई तरातरा निघून जायची आणि पुढच्या खेपेला पहिली हजर असायची.

आमच्या घरामागून नाला वाहतो. त्याला नदी म्हणायची लाज वाटते, पण आहे ती नदीच. सकाळी तांबडी, दुपारी निळसर, सुट्टीच्या दिवशी फेसाळ. काकी मागचं दार उघडून बघायची, "आज कंचं लुगरं नेसलीस गो बाय?" म्हणायची आणि थुंकायची. हे सगळं आपल्या माहेरीच जाऊन पडतं हे तिला ठाऊक होतं. पण पावसाळा येतो, वरून गोडं पाणी येतं, खाडी धुऊन निघते, यावर तिची भिस्त होती.

मग एका वर्षी पावसाने दगा दिला. नदी आटली. तिच्यात पाणी म्हणून जे वाहत होतं ते कुणी ना कुणी सोडलेलं होतं. कुणाचं गटाराचं, कुणाचं कारखान्याचं. त्याला पातळ करायला चमचाभर गोडं पाणी उरलं नाही, आणि खालून समुद्राचं खारं पाणी वर वर चढत राहिलं. त्या पावसानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न होतं. घरच्या मुलीच्या हळदीला काकीने माहेरच्या खाडीचं कालवण करायचं, ही आमच्या घरची रीत. ती हौसेने पाटी घेऊन गेली आणि रिकामी परत आली. तिचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

"शिवल्या तोंड उघडून वर पडल्यात," ती आईला म्हणाली. "चिंबोऱ्या भर उन्हात काठाव उभ्या. वरशी घान, खालशी मीठ. मधल्या जीवानं जावाचा खय?"

हळदीच्या दिवशी तिची भावजय पाटी भरून शिवल्या घेऊन आली. तिच्या गावात आनंदीआनंद होता. न खणता पाट्या भरतायत, खाडी प्रसन्न झाली! "वन्स, माहेरचा मान," म्हणत तिने पाटी पुढे केली. काकीने वास घेतला. मग पाटी उचलली, मागच्या दारी गेली आणि सगळी नाल्यात उलटी केली. "जिथशी मरन आला तिथंच जावदे."

भावजय रडत, शिव्या देत निघून गेली आणि काकीचं माहेर तुटलं. त्या दिवशी मला काकीचा राग आला होता. आज राग येतो तो आम्हा बाकीच्यांचा. रोज तो नाला बघून आम्ही फक्त खिडकी लावून घेत होतो.

त्यानंतर दोन पावसाळे दणकून झाले. काकी अंथरुणाला खिळली होती. ती जायच्या आधीच्या आठवड्यात मी बदलापूरच्या सासरहून निघाले ती थेट तिच्या माहेरी गेले. म्हटलं, आता तरी खाडी धुतली असेल, काकीला तिचा चिखल एकदा हाताला लागू दे. भावजयीने स्वतः खाडीत उतरून डबाभर चिखल काढून दिला.

डबा बघून काकी उठून बसली. वास घेतला. मग दोन बोटं चिखलात घातली, अगदी तळापर्यंत, आणि डोळे मिटून फिरवत राहिली. भावजयीच्या हातचा आहे असं मी सांगितल्यावर तिने मान हलवली, पण बोटं थांबली नाहीत.

"कोन नाय गो आतमंदी," ती म्हणाली.

आणि चिखलाने भरलेला हात अंगापासून लांब धरून तिने माझ्यापुढे केला.

"साबन दे."