मामीबरोबर नई सडकवर

मामांचा फोन आला तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. "मेघा, तुझी मामी झोपेतच गेली गं…" एवढंच ते बोलले. समोरची घरं पुसट होत होती, आणि मला वाटत राहिलं, मामी त्या धुक्यात जरा पुढे गेलीय. हाक मारली तर थांबेल. काही आठवडे झाले, अजूनही तसंच वाटतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी अडखळले. कुणीतरी व्हिडिओतला तेवढाच तुकडा उचलला, त्यावर बकरीचा आवाज चिकटवला आणि तो ग्वाल्हेरभर फिरला. त्याखाली अनोळखी माणसं माझ्या दातांवर, रंगावर, आईबाबांवर वाटेल ते लिहीत होती. मी फोन बंद केला, तरी तो उशीखाली थरथरतोय असं वाटायचं. रस्त्यावर कुणी हसलं, की ते मलाच. आधी आरसा सुटला, मग बोलणं, मग बाहेर पडणं. दिवस पाण्याखाली गेल्यासारखे झाले… आवाज यायचे, अर्थ पोहोचायचा नाही.

आईबाबा समजावून थकले. मामी मात्र दुपारी यायची, माझ्या खोलीत भाजी निवडत बसायची, काही विचारायची नाही. एक दिवस मीच म्हणाले, "मामी, मला जगावंसं वाटत नाही."

तिचे हात थांबले. "सांगितलंस, बरं केलंस. आता हे आपण दोघी मिळून उचलू."

दुसऱ्याच दिवशी ती मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली, आणि पुढे वर्षभर नेत राहिली.

एकदा तिथून परतताना नई सडकवर दोन मुलं कुजबुजली, "अरे, वही वीडियो वाली है!" मी ओढणी तोंडावर ओढली. मामी वळली. "हाँ, वही है. मेरी भांजी है. नमस्ते करो." मुलं गडबडली, एकानं खरंच हात जोडले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मामीनं हसू दाबलं, मग आम्ही दोघी भिंतीला टेकून हसत सुटलो. किती महिन्यांनी मला माझं हसू ऐकू आलं.

भीती पुरती गेली नाही. फोटो टाकताना अजून बोटं गार पडतात. तेराव्याला मामीबद्दल बोलायला उभी राहिले, तेव्हा कुणीतरी मोबाईल वर धरला. मी अडखळले… थांबले, आणि बोलत राहिले.

सगळे पांगल्यावर मी तिच्या खोलीत गेले. खिडकीजवळच्या खुर्चीवर तिची शाल तशीच होती. ती पांघरून बसले. मामा चहा घेऊन आले, दारातच थबकले. मी उठायला लागले, तर म्हणाले, "बस, बस… ती पण अशीच बसायची."