व्हायोलाचे चार जादा बार

महाडात रघुवीर टिपणीस नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या गल्लीतल्या एकालाही धड सांगता यायचं नाही. कोणी म्हणे टायपिंग, कोणी म्हणे शेअर बाजार. एका शहाण्याने तर हा माणूस अमेरिकी सरकारचं काहीतरी गुपचूप करतो अशी आवई उठवली होती. खरं सांगून तरी कोणाला पटलं असतं? अमेरिकेतल्या एक म्हाताऱ्या संगीतकार बाई पेन्सिलीने जे संगीत लिहीत, ते वादकांना वाचता येईल असं कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं, एवढंच ते काम होतं.

पंचवीस वर्षं रघुवीर मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. प्रत्येक वादकाला आपापला कागद लागे, त्याला पार्ट म्हणत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पार्ट लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडे. पुढे शंभर वादकांचं काम एका यंत्रात मावू लागलं आणि ते मुकाट्याने महाडला परतले. एकवीसच्या पुरात व्हायोलिनही गेलं. त्याआधीच अमेरिकेत गेलेल्या एका जुन्या सोबत्याने मार्गरेट डन्स्टनबाईंना त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

या बाई गोठेवाल्याची मुलगी. चाळीस वर्षं खेड्यातल्या शाळेत पोरांना पियानो शिकवला, आणि त्यांचं संगीत मोठ्या सभागृहांत वाजायला लागलं ते साठीनंतर. आपल्याकडे त्या वयात माणसाला लोक काशीला जायला सुचवतात! रघुवीरनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. सगळा पत्रव्यवहार बाईंच्या भाचीमार्फत. पण हात ओळखीचा झाला होता. नवरा गेला त्या वर्षी बाईंच्या पानांवर स्वर थोडे आणि मोकळी जागा फार, हे रघुवीरच्या लक्षात आलं होतं. विचारलं मात्र नाही.

रघुवीरची बायको देवश्री पोलादपूरच्या शाळेत शिकवायची. यंदा ऑगस्टमध्ये तिसऱ्या तासाला ती वर्गात खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही. मुलांना वाटलं, आपलं फळ्यावरचं उतरवून होण्याची बाई वाट बघतायत. रघुवीर पोचले तेव्हा तिच्या बोटांना खडू तसाच होता. तो त्यांनी पाहिला आणि नुसता पाहिला.

लोक म्हणत, रडून घ्या, मोकळे व्हा. रघुवीरना रडूच येईना. भूक लागली की जेवत, झोप आली की झोपत. याची लाज वाटे, पण तीसुद्धा वरवरची. आतपर्यंत काही पोचतच नव्हतं.

पाचव्या दिवशी बाईंच्या नव्या रचनेची पानं आली. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून थोराड व्हायोला आणि खर्जातला चेलो अशा चार वाद्यांची रचना, मुदत चार दिवसांची. वरंधकडची येसूबाई वीस वर्षं या घरात स्वयंपाकाला होती. ती म्हणाली, "दादा, काम कर. बसून काय व्हायचं नाय. पन सुतक हाय, घरात बाजा नाय लावायचा."

रघुवीरची जुनी स्टुडिओतली रीत होती. चारही पार्ट वेगवेगळे लिहायचे आणि शेवटी कॉम्प्युटरवर एकत्र वाजवून ऐकायचे. डोळा चूक माफ करतो, कान करत नाही. या वेळी त्यांनी आवाज बंद ठेवला आणि पार्ट नुसते डोळ्यांनी तपासून धाडून दिले.

महिन्याभराने भाचीचा मेल आला. व्हायोलाने शेवटच्या ओळीआधी आठ बार गप्प बसायचं होतं. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक घर. रघुवीरनी तिथे बारा लिहिले होते. त्यामुळे तालमीत व्हायोला चार बार उशिरा सुरू झाला आणि बाकी तिघं थांबले तरी वाजतच राहिला. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं, मग आत्ताच कसं, असं बाई विचारत होत्या. हे काम तिकडच्याच कोणाला तरी द्या, असं प्रकाशकांचं आधीपासून म्हणणं होतं, हेही भाचीने लिहिलं होतं.

हे काम गेलं तर दिवसाला धरायला काहीच उरणार नाही, एवढं रघुवीरना कळत होतं. लाईट गेली होती असं कळवता आलं असतं. महाडात ते फारसं खोटंही ठरत नाही. पण त्यांनी मोडक्या इंग्रजीत खरं तेच लिहिलं. बायको गेली. आमच्याकडे तेरा दिवस घरात वाजवत नाहीत. म्हणून मी ऐकलं नाही.

उत्तर पहिल्यांदाच बाईंच्या हातचं आलं, पेन्सिलीने लिहिलेल्या पानाचा फोटो. "माझा नवरा गेल्यावर मी सहा महिने पियानो उघडला नाही. तुमचे दिवस मोजलेले होते, आणि ते संपलेत. पार्ट दुरुस्त करा. पाठवण्याआधी ऐका. न ऐकलेला पार्ट मला नको."

घरात तोवर टीव्हीसुद्धा लागला नव्हता. रघुवीरनी कॉम्प्युटरचा आवाज चालू केला. मग चूक कशी ऐकू येते ते बघायला त्यांनी आधी चुकीचंच लावलं. शेवटी दोन्ही व्हायोलिनं आणि चेलो एकदम थांबले. व्हायोला चालूच राहिला, बरोबरचे गेलेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एक बार, दोन, तीन, चार. मग तोही थांबला.

येसूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "दादा, शेवटाला एकलाच कोन वाजत व्हता?"

"तीच चूक आहे, येसूबाई."

"माला तर बरी वाटली."

"चूक आहे," रघुवीर पुन्हा म्हणाले आणि बाराचे आठ केले. पुन्हा लावलं. आता चारही वाद्यं एकदम थांबली, बाईंनी लिहिलं होतं तशी. कानाने सांगितलं, बरोबर आहे. आणि तिथेच रघुवीरना रडू फुटलं. ते चार बार त्यांनी आपल्या हाताने काढून टाकले होते, आणि देवश्रीच्या मागे वाजत राहिलेलं आता काहीच उरलं नव्हतं. येसूबाई पुढे आली नाही, आत गेली नाही. रडत रडतच त्यांनी पार्ट पाठवून दिला.