कॉफी प्या

जेनीनजवळच्या त्या गावात अबू मुंझिरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षं त्याने घाण्यावर ऑलिव्ह भरडले आणि गावातली निम्मी लग्नं जुळवली. मुलाकडचे वडीलधारे मुलीच्या घरी येत, समोर आलेला कॉफीचा कप न पिता खाली ठेवत. मागणं मान्य झालं तरच कॉफी. मुलीचा बाप "प्या, कॉफी प्या" म्हणाला की लग्न पक्कं. सगळं आतल्या आत आधीच ठरलेलं असे. चारचौघांत नाही म्हणायची रीतच नव्हती.

म्हणून तर रामल्लाहून सिनेमा काढायला आलेल्या लमीसने मुलीच्या बापाच्या भूमिकेसाठी त्यालाच धरलं, आणि बैठकही त्याच्याच घरची घेतली. काम एवढंसं. सिनेमातल्या मुलीचं नाव मयसून. पाहुण्यांनी कप खाली ठेवले की म्हणायचं, "मयसून राजी नाही. कॉफी पिऊ नका." म्हातारा हसत हो म्हणाला. त्यात काय अवघड?

पहिल्या खेपेला तोंडातून निघालं, "प्या, कॉफी प्या." सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा मात्र कोणी हसलं नाही. पाहुणे झालेले गाववालेच होते; म्हाताऱ्याच्या जिभेला वळण पडलंय, असं कुणीतरी कुजबुजलं.

स्वयंपाकघराच्या दारात त्याची मुलगी रिहाब किटली घेऊन उभी होती. कॉफी तीच करत होती. एकोणीस वर्षांपूर्वीही ती याच दारात उभी होती. त्या सकाळी तिने बापाला स्पष्ट सांगितलं होतं, मला तो नको. आणि संध्याकाळी पन्नास माणसांसमोर तो "प्या" म्हणून मोकळा झाला होता. अकरा वर्षं संसार रेटून ती लेकीला घेऊन परत आली. त्या दिवसाबद्दल बापलेकीत कधी अवाक्षर निघालं नाही. त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटायची.

लमीस शेजारी येऊन बसली. "काका, नाटकच आहे हे. खरं कुणाचं लग्न मोडत नाही. नसेल जमत तर दुसऱ्या कुणाला घेते."

"नको," तो म्हणाला. "मीच म्हणणार."

पुन्हा कप खाली ठेवले गेले. पुन्हा थोरल्या पाहुण्याने मागणं घातलं. अबू मुंझिरने दाराकडे पाहिलं नाही. पण ती तिथेच आहे हे त्याला कळत होतं. त्याने गुडघे घट्ट धरले.

"रिहाब राजी नाही," तो म्हणाला. "कॉफी पिऊ नका."

कुणी कुणाकडे बघेना. कॅमेरा चालूच होता.

"छान झालं, काका," लमीस जरा वेळाने म्हणाली. "फक्त नाव चुकलं. मयसून म्हणायचं. एकदा परत घेऊ या."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. तेवढ्यात दारातून रिहाब बोलली.

"नाव बरोबर आहे."